अटॅचमेंट आली, आवक झाली का?

पुरवठादारांची बिलं एका ठरावीक ईमेल पत्त्यावर मागवण्याची पद्धत आता छोट्या कारखान्यांतही रुळली आहे. मेल येत राहतात आणि महिनाअखेरीला अकाउंट्समधलं कोणीतरी त्या इनबॉक्ससमोर ठाण मांडतं. एकेक मेल उघडायचा, पीडीएफ उतरवून घ्यायची, 'इन्व्हॉइस', 'इन्व्हॉइस (१)', 'इन्व्हॉइस (२)' यांतलं कोणतं कोणाचं ते हुडकायचं आणि योग्य फोल्डरमध्ये टाकायचं. दीडदोनशे मेल हातावेगळे करताना एखादं बिल सुटतं, एखादं दोनदा चढतं. मग कोणीतरी विचारतं, हे काम मेल सर्व्हरनेच परस्पर का करू नये? मेल आला की त्यातली फाइल काढायची आणि थेट फोल्डरमध्ये ठेवायची.

हे करता येतं, आणि त्यासाठी लागणारा प्रोग्राम पन्नासेक ओळींत बसतो. पायथनसारख्या भाषेत मेल उलगडून त्यातल्या अटॅचमेंट हाती देणारी सोय मुळातच दिलेली आहे. मात्र फाइल काढणं हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग. कचेरीतला आवक कारकून पाकिटातला कागद काढून नुसता कपाटात कोंबत नाही. तो कागदावर तारखेचा शिक्का मारतो, आवक क्रमांक घालतो, कोणाकडून काय आलं ते बारनिशीत चढवतो आणि मगच पोच देतो. सर्व्हरवरच्या प्रोग्रामलाही हे सगळं करावं लागतं. जिथे ही व्यवस्था फसते, तिथे बहुधा यातलीच एखादी पायरी गाळलेली असते.

मेलच्या पोटात फाइल कशी बसते

इंटरनेटवरच्या मेलचे नियम १९८२ साली ठरले तेव्हा मेल म्हणजे निव्वळ इंग्रजी मजकूर होता. एका अक्षराला सात बिट, ओळीच्या लांबीला मर्यादा, बस्स. चित्र, आवाज किंवा देवनागरी यांना त्यात जागाच नव्हती. फाइल पाठवायची तर ती आधी साध्या अक्षरांत बदलावी लागे. बर्कली विद्यापीठात मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८० मध्ये लिहिलेला 'यूयूएनकोड' हा प्रोग्राम त्यासाठी वापरत. पण एकाच मेलमध्ये मजकूर, चित्र आणि आवाज एकत्र कसे मांडायचे, याचा सर्वमान्य नियम नव्हता.

तो नियम नथानिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी घालून दिला. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी पाठवलेल्या मेलला त्यांच्या चौघांच्या गायनगटाचा फोटो आणि त्याच गटाच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण जोडलेलं होतं. त्या वर्षीच्या जूनमध्ये 'माइम' हे मानक प्रसिद्ध झालं. आज तुमच्याकडे येणारी प्रत्येक अटॅचमेंट याच मानकाने प्रवास करते.

माइममध्ये अटॅचमेंट मेलच्या सोबत येत नाही, ती मेलच्या मजकुराचाच एक भाग असते. मेलच्या मथळ्यात एक खूणओळ जाहीर केलेली असते. ती ओळ दिसली की एक भाग संपला आणि दुसरा सुरू झाला असं समजायचं. प्रत्येक भागाला स्वतःचा छोटा मथळा असतो: हा कशाचा प्रकार आहे, फाइलचं नाव काय, मजकुरातच दाखवायचा की वेगळा ठेवायचा. त्याखाली फाइल स्वतः, पण 'बेस-६४' या रूपात. फाइलचे तीन बाइट घ्यायचे, त्यांचे चोवीस बिट सहा-सहाच्या चार गटांत वाटायचे आणि प्रत्येक गटासाठी ६४ ठरलेल्या चिन्हांपैकी एक लिहायचं. त्यात मोठी-छोटी मिळून ५२ रोमन अक्षरं, दहा अंक, अधिकचं चिन्ह आणि तिरपी रेघ येतात. मेलचा कच्चा मजकूर उघडून पाहिला तर पीडीएफचा भाग रोमन लिपीत 'जेव्हीबीईआर' या अक्षरांनी सुरू झालेला दिसतो. पीडीएफ फाइलच्या आरंभी टक्क्याची खूण आणि 'पीडीएफ' ही अक्षरं असतात, त्यांचंच हे रूपांतर. रोज कच्चे मेल चाळणाऱ्याला ही पाच अक्षरं दिसली की पुढे काय आहे ते कळतं.

तीन बाइटांची चार अक्षरं होतात, शिवाय दर ७६ अक्षरांनंतर ओळ तोडावी लागते. त्यामुळे फाइल प्रवासात सुमारे ३७ टक्क्यांनी फुगते. पोस्टफिक्स हा बऱ्याच लिनक्स सर्व्हरांवर चालणारा मेल प्रोग्राम, आणि तो मुळात १,०२,४०,००० बाइटांपर्यंतचा मेल घेतो. म्हणजे पुरवठादाराला जेमतेम साडेसात एमबीची फाइल पाठवता येते. "आठ एमबीचीच तर फाइल आहे, परत कशी येते?" या तक्रारीचं मूळ इथे असतं. स्कॅन केलेली बिलं येणार असतील तर ही मर्यादा पहिल्याच दिवशी वाढवून ठेवावी.

कुठे अडवायचं

मेलमधून फाइल काढण्याच्या जागा तीन. पहिली, वापरणाऱ्याच्या संगणकावर, आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये नियम लावून. तो संगणक बंद असला की काम बंद.

दुसरी जागा इनबॉक्स. दर पाच मिनिटांनी एक प्रोग्राम आयमॅपने इनबॉक्समध्ये शिरतो आणि नवीन मेल उचलतो. सर्व्हर दुसऱ्याच्या ताब्यात असेल तेव्हा हाच मार्ग उरतो. यात नेहमी होणारी गफलत म्हणजे 'नवीन' कोणता हे 'न वाचलेला' या खुणेवरून ठरवणं. मालकाने चहा पिता पिता फोनवर तो मेल उघडला की वाचल्याची खूण लागते, आणि प्रोग्राम त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. आयमॅप प्रत्येक मेलला चढता क्रमांक देतं. शेवटी हाताळलेला क्रमांक लक्षात ठेवून त्यापुढचे मेल उचलणं, हा खात्रीचा उपाय.

तिसरी जागा सर्व्हरचीच, मेल इनबॉक्सात पडण्याच्या क्षणी. ही जुनी युनिक्स रीत आहे. १९९० साली स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांनी लिहिलेला 'प्रॉकमेल' हेच करायचा: पाठवणारा अमुक असेल तर मेल तमुक प्रोग्रामकडे ढकल. आज पोस्टफिक्समध्ये टोपणपत्त्यांच्या यादीत 'बिलं' या नावापुढे प्रोग्रामचा मार्ग लिहिला तरी पुरतं. आलेला मेल अख्खाच्या अख्खा त्या प्रोग्रामच्या हाती पडतो. इनबॉक्स सांभाळणारा डव्हकॉट हा प्रोग्राम वापरणारे 'सीव्ह' भाषेत नियम लिहितात. २००१ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या या भाषेच्या गाभ्यात मुद्दामच लूप नाही आणि बाहेरचा प्रोग्राम चालवण्याची सोयही नाही. एकाच सर्व्हरवर शेकडो लोक आपापले नियम लिहिणार, तिथे कोणाच्याही हाती एवढी मोकळीक द्यायची नाही हा त्यामागचा विचार. डव्हकॉटमध्ये जोड देऊन ती सोय मिळते, पण सर्व्हर सांभाळणाऱ्याने ठरवलेल्या फोल्डरात ठेवलेले प्रोग्रामच चालवता येतात.

इथे हमखास अडवणारी एक गोष्ट. टोपणपत्त्यांची यादी रूट वापरकर्त्याच्या मालकीची असते, आणि अशा यादीतून सुरू होणारा प्रोग्राम पोस्टफिक्स 'नोबडी' नावाच्या वापरकर्त्याच्या अधिकारात चालवतो. नावाप्रमाणेच त्याला सहसा कुठेही काही लिहिता येत नाही. हाताने चालवून पाहिलेला प्रोग्राम मेल आल्यावर मात्र 'परवानगी नाही' म्हणून अडतो तो यामुळे. उपाय म्हणजे या कामासाठी स्वतंत्र वापरकर्ता करायचा आणि फक्त बिलांच्या फोल्डरावर त्याला लिहिण्याचा हक्क द्यायचा. रूटच्या अधिकारात चालवून अडचण उडवून लावण्याचा मोह टाळावा. जगातला कोणीही ज्याला मेल पाठवू शकतो, तो प्रोग्राम सर्वाधिकारी असता कामा नये.

पोच कधी द्यायची

मेल देणारा आणि घेणारा सर्व्हर एकमेकांशी आकड्यांत बोलतात. मेल पूर्ण मिळाला की घेणारा '२५०' म्हणतो. त्या क्षणापासून तो मेल त्याची जबाबदारी. पाठवणारा आपली प्रत काढून टाकायला मोकळा. पुढे फाइल काढताना काही बिघडलं, तर दाद मागायला दुसरं कोणी नाही.

आतल्या बाजूलाही तसंच आहे. तुमचा प्रोग्राम संपताना जो आकडा देतो त्यावरून पोस्टफिक्स मेलचं काय करायचं ते ठरवतो. शून्य म्हणजे काम झालं, मेल विसरायला हरकत नाही. ७५ म्हणजे आत्ता जमत नाही, नंतर पुन्हा आण. तो मेल मग रांगेत थांबतो आणि एरवीच्या मांडणीत पाच दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा आणून दिला जातो. दुसरा कोणताही आकडा आला तर सामान्यतः मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो.

डिस्क भरली आणि पायथनचा प्रोग्राम मध्येच कोसळला, तर तो १ हा आकडा देऊन संपतो. मग पुरवठादाराला त्याचंच बिल परत मिळतं, वर तुमच्या प्रोग्रामच्या चुकांची इंग्रजी जंत्री. याच्या उलट, काहीही झालं तरी शून्य द्यायचं असं लिहून ठेवलं, तर डिस्क भरलेल्या त्या दुपारची सगळी बिलं कोणाच्याही नकळत नाहीशी होतात. योग्य रीत अशी: न हाताळलेली कोणतीही चूक आली की ७५, आणि फाइल खरोखर डिस्कवर उतरल्यावरच शून्य.

'खरोखर उतरल्यावर' याचाही क्रम आहे. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या मेलडिर या पद्धतीत मेल आधी 'टेंप' फोल्डरात लिहितात आणि पूर्ण लिहून झाला की 'न्यू' फोल्डरात सरकवतात. त्यामुळे अर्धवट लिहिलेला मेल वाचणाऱ्याच्या नजरेस कधीच पडत नाही. बिलांसाठीही हेच करावं: तात्पुरत्या नावाने लिहा, डिस्कवर पक्कं झाल्याची खात्री करा, मग खरं नाव द्या. याहून शहाणपणाचं म्हणजे मेल येताक्षणी फक्त तो अख्खा, जसाच्या तसा लिहून ठेवायचा आणि शून्य द्यायचं. आतली फाइल काढण्याचं काम दुसरा प्रोग्राम सवडीने करील. त्यात चूक निघाली तर दुरुस्त करून त्याच मेलवर पुन्हा चालवता येतो.

नाव काय ठेवायचं

पाठवणाऱ्याने दिलेलं फाइलचं नाव जसंच्या तसं वापरू नये. पहिलं कारण उघड आहे: 'इन्व्हॉइस' नावाची पन्नास बिलं येतात आणि नंतरचं आधीच्यावर लिहिलं जातं. दुसरं कारण जास्त गंभीर. नावात दोन टिंबं आणि तिरपी रेघ असा जोड आला तर त्याचा अर्थ 'एक फोल्डर वर जा' असा होतो. '../../' असं सुरू होणारं नाव धाडून तुमच्या फोल्डराबाहेर भलतीकडे फाइल लिहवून घेण्याची युक्ती जुनी आहे.

तिसरं कारण आपल्या लिपीशी निगडित आहे. मेलच्या मथळ्यात देवनागरी थेट लिहायची सोय मूळ नियमांत नसल्याने 'बिल' हे नाव सांकेतिक रूपात येतं. मानकाप्रमाणे टक्क्याच्या खुणांनी, आणि अनेक मेल प्रोग्रामांच्या मोडक्या प्रथेप्रमाणे बेस-६४ ने. दोन्ही उलगडता आली नाहीत तर फोल्डरात प्रश्नचिन्हांची आणि बरोबरच्या खुणांची रांग दिसते. उलगडली तरी लांबीचा प्रश्न उरतो. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत नाव २५५ बाइटांचं असू शकतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजून 'महाराष्ट्र' या एका शब्दाची दहा चिन्हं आणि तीस बाइट होतात. म्हणजे मराठी नावाला साधारण ८५ चिन्हांची जागा. 'दिनांक अमुक रोजीच्या सभेचे इतिवृत्त व कर्मचाऱ्यांच्या थकबाकीचा तपशील सुधारित अंतिम प्रत' हे नाव तेवढ्यात जेमतेम मावतं. त्यातच 'कर्मचाऱ्यांच्या' मधला अर्धा र. तो ऱ या एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही नावं सारखीच, संगणकाला मात्र दोन वेगळ्या फाइली.

म्हणून फोल्डरातलं नाव आपण द्यावं: तारीख, आवक क्रमांक आणि फाइलचा प्रकार, एवढंच. पाठवणाऱ्याने दिलेलं मूळ नाव नोंदवहीत लिहून ठेवावं. शोधायला ते तिथे सापडतं, आणि डिस्कवर धिंगाणा घालत नाही.

काय घ्यायचं, काय सोडायचं

सगळे भाग सरसकट उतरवले तर फोल्डर कंपन्यांच्या लोगोंनी भरून जातं, कारण सहीखालचं चित्रही मेलमध्ये स्वतंत्र भाग म्हणूनच येतं. आउटलुककडून कधी 'विनमेल.डॅट' नावाचं गाठोडं येतं आणि खरी पीडीएफ त्याच्या आत असते. कोणी आधीचा मेलच जोडून पुढे पाठवतं, तेव्हा बिल मेलच्या आतल्या मेलमध्ये सापडतं. म्हणून आतपर्यंत उतरत जावं लागतं. पाठवणाऱ्याने लिहिलेला प्रकारही प्रमाण मानू नये, कारण कित्येक बिलिंग प्रोग्राम पीडीएफवर 'अज्ञात बाइट' अशी चिठ्ठी लावतात. फाइलच्या सुरुवातीचे बाइट पाहून प्रकार ठरवणं बरं.

तोच मेल दोनदा येणंही नेहमीचं आहे. घेणाऱ्याने दिलेला '२५०' वाटेत हरवला तर पाठवणारा तोच मेल पुन्हा धाडतो. अशा वेळी दोन्ही मेलांच्या मथळ्यातली ओळखखूण सारखी असते. पैसे थकले म्हणून तेच बिल नव्या मेलने आलं, तर ओळखखूण वेगळी पण फाइलचा एसएचए-२५६ ठसा सारखा. आणि बिलिंग प्रोग्रामने दर वेळी पीडीएफ नव्याने घडवली असेल तर ठसाही वेगळा. तिथे बिल क्रमांकच पाहावा लागतो, आणि ते काम माणसाचं.

काही मेलमध्ये तर अटॅचमेंटच नसते, फक्त 'बिल इथे पाहा' असा दुवा. असा मेल गुपचूप बाजूला न सारता 'तपासा' या फोल्डरात जायला हवा.

विश्वास कशावर

४ मे २००० रोजी जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' विषाणूच्या अटॅचमेंटचं नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस' असं होतं. विंडोज ओळखीची शेपटी लपवत असल्यामुळे लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. फाइल नुसती साठवल्याने काही होत नाही, उघडल्यावर होतं. पण आपोआप साठवलेली फाइल कचेरीच्या सामायिक फोल्डरात पडते, आणि तिथली फाइल लोक मेलमधल्या फाइलपेक्षा निर्धास्तपणे उघडतात. म्हणूनच फक्त ठरावीक प्रकार स्वीकारावेत आणि सामायिक फोल्डरात ठेवण्याआधी क्लॅमएव्हीसारख्या प्रोग्रामकडून तपासून घ्यावेत. झिप आपोआप उलगडू नये. '४२.झिप' ही कुप्रसिद्ध फाइल जेमतेम ४२ केबीची, पण पूर्ण उलगडली तर ४.५ पेटाबाइट होते. पासवर्ड लावलेल्या पीडीएफच्या आत विषाणूतपासणीला पाहता येत नाही. बँकांची स्टेटमेंटं अशीच येतात, त्यांची सोय वेगळी करावी लागते.

याहून महागात पडतं ते खोटं बिल, ओळखीच्या पुरवठादाराचं नाव आणि बदललेला बँक खाते क्रमांक घेऊन आलेलं. पाठवणाऱ्याचा पत्ता कोणालाही खोटा लिहिता येतो. 'या पत्त्यावरून आला तर घे' एवढा नियम म्हणूनच अपुरा आहे. पाठवणाऱ्याची शहानिशा करणाऱ्या डीकेआयएम आणि एसपीएफ या तपासण्यांचा निकाल तुमचा सर्व्हर मथळ्यात लिहून ठेवतो, तो वाचून नोंदीत घ्यावा. फाइल मेलपासून वेगळी झाली की हा निकाल तिच्यासोबत राहत नाही.

मूळ मेल फेकायचा नाही

कागदपत्रांच्या बाबतीत कायद्यालाही हेच हवं आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद ज्या रूपात आली त्या रूपात, किंवा ती अचूक दाखवता येईल अशा रूपात, जपायची असते. तिचा उगम, ती कुठे पोचली आणि कधी, हे सांगणारा तपशीलही सोबत लागतो. नुसती पीडीएफ यातलं काहीच सांगत नाही. हा तपशील असतो मेलच्या मथळ्यात. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवायची असतात, आणि कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षं. इतक्या काळात लोक बदलतात, संगणक बदलतात. तेव्हा 'ही फाइल कुठून आली?' याला उत्तर देणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे नोंद.

नोंदीला फार काही लागत नाही. एका फाइलमागे एक ओळ: आवक क्रमांक, मिळाल्याची वेळ, पाठवणारा, विषय, मेलची ओळखखूण, फाइलचं मूळ नाव, ठसा, तपासणीचा निकाल, आणि मूळ मेल कुठे ठेवला आहे तो मार्ग. साध्या एसक्यूलाइटच्या तक्त्यात हे सगळं मावतं.

स्वतःचा सर्व्हर नसणाऱ्यांना गुगलच्या ॲप्स स्क्रिप्टने किंवा मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेटने असंच काम करता येतं. ॲप्स स्क्रिप्टला एका वेळी सहा मिनिटंच चालता येतं, म्हणून मेलांचा मोठा ढीग तुकड्यातुकड्यांनी घ्यावा लागतो. साधनं बदलली तरी नाव, नोंद आणि मूळ मेल यांचे नियम तेच.

व्यवस्था चालू करण्याआधी चार मेल पाठवून पाहावेत: एक डिस्कची जागा मुद्दाम भरून ठेवलेली असताना, एक दोनदा, एक लांबलचक मराठी नावाच्या फाइलचा आणि एक अटॅचमेंट नसलेला. चारींची नोंद जिथे व्हायला हवी तिथे झाली, तरच खरा पत्ता पुरवठादारांना द्यावा. पुढे दर महिनाअखेरीला सर्व्हरने घेतलेले मेल आणि नोंदवहीतल्या ओळी एकदा जुळवायच्या. एखादं बिल सापडत नसेल तर पाहायच्या जागा मोजक्याच आहेत: सर्व्हरची रांग, स्पॅमचं फोल्डर आणि 'तपासा'. तिन्हींत ते नसेल, तर "आम्ही पाठवलं होतं" म्हणणाऱ्या पुरवठादाराला "आमच्याकडे आवक नाही" असं ठामपणे सांगता येतं.